विमान उतरवतो कोण: वैमानिक की कंट्रोल टॉवर?

मनमाडला विमानतळ नाही. पण शिर्डीचा विमानतळ आणि नाशिकजवळचा ओझरचा विमानतळ, दोन्हीही मनमाडपासून रस्त्याने दीड-दोन तासांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे मनमाड, येवला, नांदगाव भागातल्या अनेकांचा पहिला विमानप्रवास यांपैकीच एका धावपट्टीवरून झालेला असतो. आणि कुठे विमान धावपट्टीवरून घसरले किंवा उतरता उतरता परत वर गेले, की फोनवर व्हिडिओ येऊन धडकतो. खाली दोन प्रकारच्या कमेंट ठरलेल्या असतात. एक, "एटीसीने परवानगीच कशी दिली?" दुसरी, "पायलटला विमान चालवता येत नाही का?"

एटीसी म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल, मराठीत हवाई वाहतूक नियंत्रण. टॉवरमध्ये बसलेला नियंत्रक आणि कॉकपिटमधला वैमानिक यांच्यात विमान सुखरूप उतरवण्याची जबाबदारी वाटलेली असते. पण ही वाटणी निम्मी-निम्मी नाही. ज्याला जे दिसते, ते त्याच्या वाट्याला येते. नियंत्रकाला विमानाभोवतीची जागा दिसते: कोण पुढे आहे, कोण मागे आहे, धावपट्टी मोकळी आहे का. वैमानिकाला विमान दिसते: वेग किती, उंची किती, इंजिन काय म्हणते, समोरच्या काचेतून धावपट्टी दिसते की नाही. उतरायचे की नाही, हा शेवटचा शब्द वैमानिकाचा असतो. बहुतेक घोळ होतात ते या दोन वाट्यांच्या सांध्यावर.

स्टेशन मास्तर आणि लोको पायलटसारखेच का?

मनमाडकरांना ही गोष्ट रेल्वेवरून लवकर कळेल. मुंबई–भुसावळ मुख्य मार्ग, दौंडकडे जाणारा फाटा आणि छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा फाटा, असे तिन्ही मार्ग या जंक्शनवर एकत्र येतात. लाइन मोकळी असल्याची खात्री करून सिग्नल देणे हे स्टेशन मास्तरचे काम आणि तो सिग्नल पाळून गाडी आत आणणे हे लोको पायलटचे. लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल मोठ्याने हाक देऊन एकमेकांना सांगतात. स्टेशन मास्तर शेजारच्या स्टेशनशी किंवा फाटकावरच्या गेटमनशी बोलताना प्रायव्हेट नंबर देतो-घेतो, म्हणजे निरोप खरोखर पोहोचला याचा पुरावा राहतो. विमानाच्या दुनियेतही जवळजवळ हेच चालते, फक्त रेडिओवर.

मोठा फरक एकच. होम सिग्नल लाल असेल तर गाडी बाहेर अर्धा तास उभी राहू शकते. विमान उभे राहू शकत नाही. त्यामुळे रेल्वेत शंका आली की थांबायचे असते, विमानात शंका आली की वर जायचे असते. दुसरा फरक अधिकाराचा आहे. लाल सिग्नल ओलांडायची मुभा लोको पायलटला स्वतःच्या मर्जीने नसते. वैमानिकाला मात्र नियंत्रकाची सूचना धोकादायक वाटली तर ती नाकारता येते. त्यासाठी रेडिओवर एकच शब्द ठरलेला आहे, "अनेबल". म्हणजे जमणार नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीतल्या दुसऱ्या परिशिष्टात हे स्पष्ट लिहिलेले आहे: विमान हवेत असताना त्याविषयीचा अंतिम निर्णय पायलट-इन-कमांडचा, म्हणजे त्या उड्डाणाच्या प्रमुख वैमानिकाचा असतो. भारतासह जगातले जवळजवळ सगळे देश हा नियम मानतात.

एक विमान खाली येताना किती जणांच्या हातातून जाते?

भारताचे आकाश मोठमोठ्या विभागांत वाटलेले आहे. महाराष्ट्रावरचे आकाश मुंबई विभागात येते. दिल्लीहून शिर्डीला निघालेले विमान उंचावरून येत असते, तेव्हा ते एरिया कंट्रोलच्या नियंत्रकाशी बोलत असते. खाली उतरायला लागले की ते अप्रोच नियंत्रकाकडे सोपवले जाते. धावपट्टीच्या रेषेत आले की टॉवरकडे, आणि जमिनीवर टेकल्यावर मोठ्या विमानतळांवर ग्राउंड कंट्रोलकडे. प्रत्येक वेळी वैमानिक फ्रिक्वेन्सी बदलतो आणि नव्या माणसाला आपली ओळख देतो. लहान विमानतळावर यातली दोन-तीन कामे बऱ्याचदा एकाच माणसाकडे असतात.

सगळीकडे नियंत्रक सरकारी नागरी नोकरच असतो असेही नाही. बहुतेक विमानतळांवर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक असतात. पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथे प्रवासी विमानालाही हवाई दलाचा नियंत्रकच उतरण्याची परवानगी देतो. ओझरचा विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा. तिथे मिग आणि सुखोई बनली, आणि त्याच धावपट्टीवर आता प्रवासी विमाने उतरतात. विमान कुणाच्याही धावपट्टीवर उतरो, बोलायची भाषा आणि नियम तेच.

नियंत्रक काय देतो? दोन विमानांमधले अंतर देतो. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात, त्यात लहान विमान सापडू नये म्हणून हे अंतर आणखी वाढवावे लागते. वाऱ्याची दिशा आणि वेग सांगतो. धावपट्टी ओली आहे का, पाणी साचले आहे का, आधी उतरलेल्या वैमानिकाला ब्रेक कसे लागले, हे सांगतो. आणि हवेचा दाब सांगतो. हा शेवटचा आकडा प्रवाशांना कुणी सांगत नाही, पण तो फार महत्त्वाचा आहे. विमानातला उंची दाखवणारा काटा हवेच्या दाबावर चालतो. दाबाचा आकडा एका हेक्टोपास्कलने चुकला तर उंची साधारण २७ ते ३० फुटांनी चुकते. दहाने चुकला तर काटा दाखवतो त्यापेक्षा विमान जवळपास २८० फूट खाली असते आणि कॉकपिटमध्ये कुणाला पत्ताही नसतो.

"क्लिअर्ड टू लँड" म्हणजे आदेश का?

नाही, आणि सोशल मीडियावरचा सर्वात मोठा गैरसमज इथेच आहे. "क्लिअर्ड टू लँड" याचा अर्थ एवढाच की धावपट्टी तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे, उतरायचे असेल तर उतरा. विमान योग्य वेगात आहे, चाके बाहेर आली आहेत, समोर दिसते ती धावपट्टी बरोबर आहे, याची हमी ती परवानगी देत नाही. देऊ शकतही नाही.

याचा सगळ्यात गमतीशीर पुरावा मुंबईतच सापडतो. सांताक्रूझचा मुख्य विमानतळ आणि जुहूचा छोटा विमानतळ एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत, आणि दोन्हीकडे धावपट्टीची दिशा साधारण पूर्व-पश्चिम. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. ते विमान नंतर काही दिवसांनी तिथून उडवून न्यावे लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली. जुहूची आखूड धावपट्टी त्याला पुरली नाही, ते पुढे जाऊन निकामी झाले. जीव कुणाचा गेला नाही हे नशीब. ज्या धावपट्टीसाठी परवानगी मिळाली होती ती शेजारीच होती, पण डोळ्यांना दुसरीच दिसली. टॉवरने हजार वेळा "क्लिअर्ड टू लँड" म्हटले असते तरी ही चूक त्या शब्दांनी पकडली जाण्यासारखी नव्हती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पुढच्या विमानाने धावपट्टी अजून सोडलेली नाही, हे ढगातून खाली येणाऱ्या वैमानिकाला दिसत नाही. ते नियंत्रकानेच बघायचे असते. ८ जून २०२४ रोजी मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर एअर इंडियाचे विमान तिरुवनंतपुरमला जाण्यासाठी वेग घेत होते, तेवढ्यात इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान त्याच धावपट्टीवर मागे टेकले. पुढचे विमान उडाले म्हणून निभावले. इंडिगोने आपल्या वैमानिकाने एटीसीच्या सूचना पाळल्याचे सांगितले, आणि संबंधित नियंत्रकाला चौकशी होईपर्यंत ड्यूटीवरून दूर केले गेले. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकीवरच काम चालते, आणि तरीही गर्दीच्या तासात ४० हून अधिक विमाने चढवावी-उतरवावी लागतात. म्हणजे सरासरी दीड मिनिटाला एक. एवढ्या गर्दीत एखाद्या वैमानिकाने धावपट्टी सोडायला दहा सेकंद जास्त घेतले तरी मागच्याचे गणित बिघडते.

नुसते "रॉजर" का चालत नाही?

या सगळ्या व्यवस्थेचा सांधा म्हणजे रीडबॅक. नियंत्रकाने उंची, दिशा, दाब किंवा परवानगी सांगितली की वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणून दाखवायची. नियंत्रकाने ती ऐकून बरोबर असल्याची खात्री करायची. चुकली तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची. "हो, कळले" एवढे म्हणून भागत नाही.

हा नियम रक्ताने लिहिला गेला आहे असे म्हणतात, आणि ते अतिशयोक्तीचे नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर दाट धुक्यात दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसे गेली. एका वैमानिकाला उडण्याची परवानगी मिळाली असे वाटले होते, प्रत्यक्षात ती मिळालीच नव्हती. त्यानंतर "टेक-ऑफ" हा शब्द रेडिओवर फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक पडला. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून पडले आणि ७३ जणांचा जीव गेला. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचे सांगितले होते, पण "इमर्जन्सी" हा शब्द वापरला नव्हता. नियंत्रकांसाठी ते इतर विमानांसारखेच, रांगेतले एक विमान राहिले. तोंडात भीती होती, पण ठरलेल्या शब्दात नव्हती. आज इंधनाच्या संकटासाठी "मेडे फ्युएल" असा वेगळा शब्दप्रयोगच आहे. तो ऐकला की नियंत्रकाला बाकी सगळे बाजूला ठेवावे लागते.

पण रीडबॅकची एक मर्यादा आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. चुकीचा आकडाही माणूस बरोबर परत म्हणू शकतो. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर नियंत्रकाने उतरणाऱ्या एअरबसला दाबाचा आकडा १००१ ऐवजी १०११ दिला. वैमानिकांनी तो जसाच्या तसा परत म्हटला. रीडबॅक बिनचूक, आकडा चुकलेला. पाऊस होता, ढग खाली होते. विमान धावपट्टीपासून एक किलोमीटरहून जास्त दूर असतानाच जमिनीपासून अवघ्या ६ फुटांपर्यंत खाली आले. धावपट्टीचे दिवे दिसत नाहीत म्हणून वैमानिकांनी विमान वर घेतले, आणि म्हणूनच ती बातमी अपघाताची झाली नाही. इथे नियंत्रकाची चूक होती, ती वैमानिकांना सापडली नाही, आणि वाचवले ते दुसऱ्याच एका नियमाने: ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर वर जायचे.

विमान परत वर गेले तर घाबरायचे का?

या वर जाण्याला गो-अराउंड म्हणतात. प्रवाशाला तो पोटात गोळा आणणारा अनुभव असतो. चाके टेकणार असे वाटत असताना इंजिने एकदम गरजतात आणि विमान नाक वर करून निघते. प्रत्यक्षात ही वैमानिकाने शिकलेली, सिम्युलेटरवर वारंवार गिरवलेली साधी कृती आहे. गो-अराउंड नियंत्रकही सांगू शकतो आणि वैमानिकही स्वतः ठरवू शकतो. नियंत्रकाने सांगितले तर वैमानिक तो पाळतोच, कारण धावपट्टीवर काय आहे ते नियंत्रकाला दिसत असते. वैमानिकाने ठरवले तर नियंत्रकाची परवानगी लागत नाही, त्याने फक्त कळवायचे.

ठरवायचे कशावरून? बोइंग ७३७ सारखे विमान ताशी साधारण २५० ते २६० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येते आणि मिनिटाला सातशे फुटांच्या आसपास खाली उतरते. म्हणजे हजार फुटांवरून जमिनीपर्यंत दीड मिनिटाच्या आतच काम. म्हणून कंपन्यांचा नियम असा असतो की हजार फुटांवर, किंवा हवा स्वच्छ असेल तर पाचशे फुटांवर, विमान पूर्ण "स्थिर" असले पाहिजे: वेग ठरलेला, उतार ठरलेला, चाके बाहेर, दिशा बरोबर. नसेल तर वर जायचे, चर्चा नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, गो-अराउंडबद्दल वैमानिकाला शिक्षा होऊ नये असे धोरण ठेवले आहे. कारण सरळ आहे. वर जाण्याबद्दल जाब द्यावा लागेल असे वाटले, तर माणूस खाली जाण्याचा धोका पत्करतो.

कोझिकोडला काय झाले?

जबाबदारीचा सांधा कसा उसवतो, हे भारतात सर्वात स्पष्ट दिसले ते ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री, केरळमधल्या कोझिकोडला. दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या बोइंग ७३७ मध्ये १९० माणसे होती. कोरोनाच्या काळात परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेतले ते विमान होते. प्रमुख वैमानिक होते कॅप्टन दीपक साठे, हवाई दलातले माजी विंग कमांडर, मूळ नागपूरचे. त्यामुळे महाराष्ट्राला ही बातमी घरातली वाटली होती.

कोझिकोडची धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे, दोन्ही टोकांना दरी. धावपट्टी एकच, पण दोन टोकांना दोन क्रमांक असतात. होकायंत्रावरच्या दिशेचा शेवटचा शून्य गाळला की तो क्रमांक मिळतो. पूर्वेकडे तोंड करून उतरलात तर १०, पश्चिमेकडे तोंड करून उतरलात तर २८. कुठल्या टोकाकडून उतरायचे ते वाऱ्यावरून ठरते, कारण विमानाला समोरून वारा हवा असतो. पाठीमागून दहा नॉटचा, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटरचा वारा असला तरी थांबायला लागणारे अंतर जवळपास पाचव्या हिश्शाने वाढते. धावपट्टी ओली असेल तर आणखी.

त्या रात्री पाऊस होता. साठे यांनी आधी २८ कडून उतरण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या बाजूच्या काचेचा वायपर बंद पडला आणि त्यांनी गो-अराउंड केला. इथपर्यंत सगळे नियमाप्रमाणे. दरम्यान उडायला निघालेल्या दुसऱ्या एका विमानाच्या विनंतीवरून नियंत्रकाने वापरातली बाजू २८ वरून १० केली. साठे यांच्या विमानाने १० कडून उतरायचे स्वीकारले. आता वारा पाठीमागून होता. टॉवरने सांगितला त्यापेक्षा तो प्रत्यक्षात जोरात होता, सुमारे १४ नॉट. वारा मोजणाऱ्या यंत्राची जागाच नियमाप्रमाणे नव्हती, असे पुढे तपासात निघाले.

विमान अस्थिर अवस्थेत खाली आले. २,७०० मीटर लांब धावपट्टीवर ते सुमारे १,३५० मीटर पुढे टेकले, म्हणजे अर्धी धावपट्टी मागे गेल्यावर. चाके पहिल्या ९०० मीटरच्या आत टेकायला हवी होती. सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटले होते. ते झाले नाही. विमान टोकावरून दरीत पडले आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिक आणि १९ प्रवासी, असे २१ जण गेले.

विमान अपघात तपास ब्युरोचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. संभाव्य कारण म्हणून त्यात मुख्य बोट वैमानिकाकडे आहे: अस्थिर विमान खाली आणणे, खूप पुढे टेकणे आणि सहवैमानिकाने सांगूनही वर न जाणे. सहवैमानिकाने स्वतः नियंत्रण हातात घेऊन गो-अराउंड केला नाही, हेही त्यात आहे. बातम्यांचे मथळे इथेच संपले. पण अहवाल पुढे जातो. ओल्या धावपट्टीवर, पावसात, पाठवाऱ्यात येणाऱ्या विमानावर काय परिणाम होईल याचा विचार न करता नियंत्रकाने घाईने बाजू बदलली, जोरदार पाठवाऱ्याचा इशारा दिला नाही, दाबाचा नवा आकडाही कळवला नाही, ही त्यातली नोंद. कंपनीने कोझिकोडला पुरेसे कॅप्टन ठेवले नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे विमानही साठे यांनाच न्यायचे होते, हीसुद्धा. कोझिकोडला न उतरता दुसरीकडे वळले असते तर सकाळचे ते उड्डाण अडले असते.

नियंत्रकाने बाजू बदलली म्हणून वैमानिकाला तिथे उतरावेच लागले, असे मात्र नाही. "अनेबल" म्हणता आले असते, दुसऱ्या विमानतळावर जाता आले असते. आणि वैमानिकाचा निर्णय चुकला म्हणून नियंत्रकाने दिलेली अपुरी माहिती पुरेशी ठरत नाही.

दोघांशिवाय तिसरा कोणी असतो का?

असतो, यंत्र. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर दिल्लीला उतरू पाहणारे कझाक विमान आणि दिल्लीहून उडालेले सौदी विमान हवेत धडकले आणि ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते आणि सौदी विमान १४,००० फुटांवर होते. कझाक विमान सांगितलेल्या उंचीच्या खाली आले. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारे उपकरण, टीकॅस, सक्तीचे झाले आणि दिल्लीत येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले गेले.

मग नवा प्रश्न आला. यंत्र एक सांगते आणि नियंत्रक दुसरे, तर ऐकायचे कुणाचे? १ जुलै २००२ रोजी जर्मनीतल्या उबरलिंगेनवर रशियन विमानाच्या टीकॅसने वर जायला सांगितले, नियंत्रकाने खाली. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. समोरचे मालवाहू विमान स्वतःच्या टीकॅसप्रमाणे खालीच येत होते. ७१ जण गेले, त्यात बरीच शाळकरी मुले होती. आता नियम निर्विवाद आहे: टीकॅसने वर किंवा खाली जायला सांगितले तर आधी तेच करायचे आणि नियंत्रकाला नंतर कळवायचे. अशा वेळी वैमानिकाने कळवले की नियंत्रकाने त्या विमानाला वेगळी सूचना द्यायची नसते.

शिर्डीत धुके पडले की विमान कोण अडवते?

इकडच्या प्रवाशांना सर्वात जास्त भेडसावणारा प्रश्न हा. शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, धावपट्टी २,५०० मीटरची. नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यमानता कमी झाल्याने तिथली विमाने बरेच दिवस बंद राहिली. भाविक अडकले, शिव्या बहुधा विमान कंपन्यांना बसल्या.

खरे तर अशा वेळी ना नियंत्रक अडवतो ना वैमानिक, आकडा अडवतो. केवळ डोळ्यांनी बघून उतरायचे असेल तर ५ किलोमीटरपर्यंत दिसायला हवे. धावपट्टीवर उपकरणांची मदत असेल तर हा आकडा खूप खाली येतो. इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिमच्या पहिल्या श्रेणीत साधारण ५५० मीटर दिसले तरी येता येते, पण २०० फुटांवर पोहोचेपर्यंत धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसायलाच हवेत. दृश्यमानता किती हे सांगणे विमानतळाचे आणि नियंत्रकाचे काम. त्या आकड्यात उतरण्याचे प्रशिक्षण आपल्याकडे आणि उपकरण आपल्या विमानात आहे की नाही, हे वैमानिक ठरवतो. म्हणून कधी कधी एक विमान उतरते आणि त्याच्या मागचे मुंबईला परत जाते. दोघांनाही एकच उत्तर टॉवरने दिलेले असते.

२९ एप्रिल २०१९ रोजी दिल्लीहून आलेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७ शिर्डीच्या धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले होते. प्रवासी बचावले. अशा घटनेनंतर पहिल्या तासात फिरणाऱ्या व्हिडिओत धूळ, अडकलेली चाके आणि घाबरलेले आवाज असतात. कोण काय बोलले होते ते नसते.

ते कुठे असते? दोन ठिकाणी. कॉकपिटमधले बोलणे विमानातल्या व्हॉइस रेकॉर्डरवर असते. जुन्या विमानांत साधारण शेवटचे दोन तास राहतात, नव्या नियमानुसार बनणाऱ्या मोठ्या विमानांत २५ तास. नियंत्रकाचा प्रत्येक शब्द एटीसीच्या टेपवर वेगळा नोंदलेला असतो. भारतात या दोन्हींचा तपास विमान अपघात तपास ब्युरो करतो. तो २०१२ मध्ये स्थापन झाला, आणि आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याचे काम दोष कुणाचा हे ठरवणे नसून पुन्हा तसे घडू नये यासाठी कारणे शोधणे हे आहे. फौजदारी गुन्हा, नुकसानभरपाई या गोष्टी पोलीस आणि न्यायालये वेगळ्या बघतात. तपास अधिकारी सुरुवातीलाच दोन्ही टेपची घड्याळे जुळवतात आणि सेकंदासेकंदाला कोणी काय सांगितले, कोणी काय ऐकले आणि कोणते वाक्य परत म्हटलेच गेले नाही, हे एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहून काढतात.